वाहिद मिस्त्रीची साक्ष

"माहूरकर साहेब, मान जराशी खाली घ्या," फुलचंद म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर शाल टाकली. मे महिन्याचं पुसद, सभागृहातल्या तीन पंख्यांपैकी एकच चालू, आणि त्यात ती लोकरीची शाल. मला दरदरून घाम फुटला. लोकांना वाटलं उकडतंय.

फुलचंद हा आमच्या निवृत्त कर्मचारी मित्रमंडळाचा चिटणीस. तहसीलमध्ये तीस वर्षं बारनिशी, म्हणजे आवक-जावक टपालाची नोंद, सांभाळलेला माणूस, त्यामुळे हातात कागद आला की तो मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याने वर्तमानपत्राचं कात्रण उलगडलं. "'प्रसंगावधान राखून पत्नीचे प्राण वाचविले. पुसदच्या निवृत्त ग्रेडरचे विमानात धाडस.'" टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत माझी बायको सुचित्रा बसली होती. तिने मोरपंखी साडी नेसली होती आणि ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की मला खाली बघावं लागलं.

खरं काय ते आत्ताच सांगून टाकतो, नंतर हिंमत राहील की नाही याचा मला भरवसा नाही. मी तिचा जीव वाचवला नव्हता. ती शेजारी बेशुद्ध पडत होती आणि मी बघत बसलो होतो. हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं. दुसरा जो एक माणूस जाणत होता, तो समुद्रापलीकडे कुवेतला होता.

ग्रेडर म्हणजे काय, हे आता नव्या लोकांना समजावून सांगावं लागतं. कापसाच्या खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली असायची. मी रांगेतून फिरायचो. एखाद्या गाडीशी थांबून हात पुढे केला, की हमाल आतपर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचा आणि माझ्या तळहातावर ठेवायचा. मी धागा ओढून बघायचो आणि प्रत सांगायचो. पुढं बोलायची कोणाची छाती नव्हती. पुढे कापसाचे दिवसच फिरले, केंद्रं एकेक करून बंद पडली आणि मला दोन वर्षं आधीच घरी बसवलं. केंद्र गेलं, पण हात पुढे करायची सवय गेली नाही. घरी तर ती आधीपासूनच होती. सकाळी तळहात पुढे केला की त्यावर चष्मा यायचा, मग पाण्याचा पेला, मग रुमाल. सुचित्रा कुठूनशी येऊन ठेवून जायची. मी तिच्याकडे काही मागतो, असं मला एकतीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. हात पुढे करणं म्हणजेच मागणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

फेब्रुवारीत मुंबईला सुनेचं बाळंतपण होतं. आमच्या सलीलने हौसेने विमानाची तिकिटं पाठवली, नागपूर ते मुंबई. आम्ही दोघं जन्मात पहिल्यांदा विमानात चढलो. खिडकीचा नंबर माझ्या नावावर निघाला होता. सुचित्राला मधली जागा. तिच्या पलीकडे, वाटेच्या बाजूला, एक परका माणूस येऊन बसला. पंचेचाळिशीचा असेल, दाढीत पांढरं आलेलं, बोटांच्या नखांत काळं ग्रीस मुरलेलं.

"तुम्ही इकडे या नं मधात," सुचित्रा माझ्या कानाशी म्हणाली. "मी खिडकीपाशी बसते."

"नंबर म्हणजे नंबर," मी म्हणालो. "ही काय एसटी आहे काय?"

तिने पट्टा आवळला. खरी गोष्ट अशी, की मला खिडकी पाहिजे होती.

त्या माणसानेच बोलणं काढलं. "साहेब, तुम्ही ग्रेडर होते नं? उमरखेडच्या जिनिंगमंधी पाह्यलं मी तुम्हाले. मी वाहिद. मशीनवर मिस्तरी होतो तिथं."

"होतो म्हणजे?"

"बंद पडली नं जिनिंग. कापूसच येऊन नाही राह्यला, त मशीन कायले चालवते मालक? आता कुवेतले जाऊन राह्यलो. तिथं पंपावर काम आहे." तो हसला. "या कधी उमरखेडले. माय एकटी आहे घरी. जिनिंगच्या मागं मिस्तरीचं घर म्हणा, कोणी बी सांगते."

तेवढ्यात हवाई सुंदरीने पुढे उभं राहून मास्क कसा लावायचा ते दाखवलं. मी ते बारकाईने ऐकलं. नियम, सूचना, परिपत्रक असलं काही असलं की मी कान टवकारतो. मग मी ते सगळं सुचित्राला समजावून सांगितलं, जरा मोठ्यानेच, म्हणजे मिस्त्रीलाही कळावं.

"आधी आपला लावायचा. मग दुसऱ्याचा. समजलं?"

"आणि जवळ लेकरू असलं त?"

"तरी आधी आपलाच. नियम आहे तो."

"मले नाही बाई जमायचं असं," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

विमान उंच गेलं. चहा झाला. मी खिडकीतून खालच्या ढगांची प्रत लावत होतो. वरचे स्वच्छ, एक नंबर, खालचे मळकट, कवडीचे, म्हणजे डागी कापसाचे. अर्धा तास झाला असेल. एकाएकी मागच्या बाजूला कुठेतरी ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज झाला. कानांत दडे बसले. छातीतली हवा आपोआप तोंडावाटे बाहेर पडली आणि विमानात पांढरं, गार धुकं दाटलं. डोक्यावरची झाकणं खाडकन उघडली आणि पिवळे मास्क खाली लोंबायला लागले. लोक ओरडत होते, पण ते ओरडणं फार लांबून येत असल्यासारखं वाटत होतं.

आणि मी हात पुढे केला.

हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते. मास्क माझ्या नाकासमोर हलत होता. पाठ केलेला नियम डोक्यात होता. आणि मी उजवा हात, तळवा वर करून, बायकोच्या बाजूला पुढे केला आणि थांबलो. मास्क तळहातावर येईल म्हणून मी वाट बघत होतो.

तिने तो माझ्या हातावर ठेवला नाही. तेवढा वेळ नाही हे तिला कळलं होतं. तिने एका हाताने माझा चष्मा काढला, दुसऱ्या हाताने मास्क ओढून माझ्या तोंडावर बसवला, मागून इलॅस्टिक नेलं. माझा एक कान दुमडला होता, तो सोडवला. थंडीत मफलर गुंडाळून देते, अगदी त्याच सावकाशीने तिने सगळं नीट केलं. पंधरा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील. पुढे डॉक्टरने सांगितलं, की तेवढ्या उंचीवर हवा गेली तर माणसाची शुद्ध अर्धा-पाऊण मिनिटच टिकते. सुचित्राच्या अंगात रक्त कमी. तिची तेवढीही टिकली नाही.

तिने स्वतःच्या मास्ककडे हात नेला. तो अर्ध्यात थांबला, मग मांडीवर पडला. मान मिस्त्रीच्या बाजूला कलली. ओठांचा रंग निळसर झाला होता.

तिचा मास्क माझ्यापासून वीतभर लांब होता. मला श्वास येत होता, डोकं ताळ्यावर होतं. आधी आपला, मग दुसऱ्याचा. माझा लागला होता. आता दुसऱ्याचा लावायचा होता आणि तो दुसरा माणूस माझी बायको होती. पण मी दोन्ही हातांनी माझा मास्क तोंडावर दाबून धरला होता. हात सोडला तर तो निसटेल, एवढी एकच भीती मला होती. त्या भीतीत सुचित्रा कुठेही नव्हती.

वाहिद मिस्त्रीने आपला मास्क केव्हाच लावला होता. तो तिच्याकडे वळला आणि हात पुढे नेऊन क्षणभर अडखळला. परक्या बाईच्या तोंडाला हात कसा लावायचा, म्हणून तो अडखळला हे मला तेव्हाही कळलं. मग मास्कच्या आतूनच तो म्हणाला, "माफ करना, भाभी," आणि एका हाताने तिचं डोकं उचलून त्याने अंबाड्यामागून इलॅस्टिक ओढून घेतलं. मास्क नीट बसला की नाही ते बोटाने चाचपलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

विमान नाक खाली करून उतरत होतं. कानांत सुया टोचाव्यात तशा कळा येत होत्या, काहीतरी तापल्याचा वास सुटला होता, मागे कोणीतरी रामरक्षा म्हणत होतं. चार-पाच मिनिटांनी विमान सरळ झालं आणि आता मास्कची गरज नाही, असं सांगण्यात आलं. सुचित्राने त्याआधीच डोळे उघडले होते. तिने पहिल्यांदा काय केलं असेल? हात लांबवून माझा मास्क जागेवर आहे का, ते बघितलं.

विमान औरंगाबादला उतरवलं. डॉक्टरने तिला तपासलं, नाडी ठीक आहे म्हणाला, फळांचा रस पाजला. आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. कंपनीच्या एक अधिकारी बाई कागद घेऊन आल्या. प्रत्येकाचं काय काय झालं ते त्यांना लिहून घ्यायचं होतं.

"मॅडम बेशुद्ध झाल्या होत्या ना? यांना मास्क कोणी लावला?"

सुचित्राने माझ्याकडे बघितलं. तिला काही आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती, तिला उत्तर आधीच ठाऊक होतं. एवढं ठाम उत्तर तिच्या चेहऱ्यावर दिसत असताना मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी."

"आधी स्वतःचा, मग हिचा," मी पुढे म्हणालो. "नियमाप्रमाणे."

बाईंनी लिहिलं आणि सहज म्हणून वाहिदला विचारलं, "तुम्ही शेजारीच होता ना? असंच झालं?"

वाहिदने माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघितलं. "हौ," तो म्हणाला. "साहेबांनीच लावला."

सुचित्राने माझा हात धरला. चारचौघांत तिने माझा हात धरलेला तो पहिलाच प्रसंग.

नंतर पाण्याच्या नळापाशी मी वाहिदला गाठलं. "वाहिदभाई..." एवढंच माझ्याच्याने बोलवलं.

"राहू द्या साहेब," तो ओंजळीतलं पाणी तोंडावर मारत म्हणाला. "माणूस भेते. त्यात काय? भाभी वाचली, बस झालं." एवढं बोलून तो आपली बॅग घेऊन गर्दीत गेला. सुचित्रा बाकावर बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होती. प्रवासात भेटलेल्या कोणाही माणसाकडे बघावं, तसं.

एकदा खोटं बोललं की ते आपल्यापुरतं राहत नाही. मुंबईत सलीलने ते मित्रांना सांगितलं. त्याच्या बिल्डिंगमध्ये लोक मला नमस्कार करायला लागले. सुचित्रा दवाखान्यात, भाजीवाल्याकडे, बारशाला आलेल्या बायकांत तेच सांगायची. तिच्या सांगण्यात दर वेळी माझे हात थोडे आणखी चपळ होत. मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. "त्यांना आवडत नाही सांगितलेलं," ती कौतुकाने म्हणायची. नातू झाला, अडीच महिने राहून आम्ही रेल्वेने परत आलो. पुसदला फुलचंदचा भाचा वार्ताहर निघाला आणि बातमी छापून आली. मी नको नको म्हणत राहिलो. तेही लोकांना आवडलं.

तर असा मी शाल पांघरून बसलो होतो. नारळ झाला, पुष्पगुच्छ झाला. फुलचंद म्हणाला, "आता वहिनींनी दोन शब्द बोलावे." मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती घरातही चार माणसांत बोलायची नाही. पण ती उठली, पदर खांद्यावर घेतला आणि माईकपासून हातभर लांब उभी राहून बोलायला लागली.

"मले भाषण नाही येत. एक सांगते. एकतीस वर्षं झाली लग्नाले. यांनी मले कधी पाण्याचा पेला हातात देला नाही." लोक हसले. तीही थोडी हसली. "खरं सांगून राह्यली. तापानं फणफणली तरी नाही. मी कधी बोलली नाही, पण मनात होतं माझ्या. देवापुढं बसली तरी ते मनात यायचं. वाटायचं, या माणसाले मी दिसतच नाही. पण त्या दिवशी जीव जायची वेळ आली, तेव्हा यांना मी दिसली. म्हणून सगळं सोडून देलं मी. आता माझी काही तक्रार नाही."

ती खाली उतरून जागेवर बसली. टाळ्या चालूच होत्या. एकतीस वर्षांचं तिचं खरं दुखणं तिने माझ्या एका खोट्याच्या बदल्यात देऊन टाकलं होतं, आणि मी ते मुकाट्याने घेऊन शालीखाली लपवून बसलो होतो. तेवढं मात्र माझ्याच्याने होईना. मी उठलो. माईक धरला.

"मी काहीच केलं नाही," मी म्हणालो. "हिने माझा मास्क लावला. हिचा मी लावला नाही. शेजारच्या माणसाने लावला. मी नुसता बघत बसलो होतो."

मग मागून कोणीतरी "वा!" म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. फुलचंदने माझ्या हातातून माईक घेतला. "ऐकलं नं? याले म्हणते मोठेपणा! नाहीतर आजकाल लोक न केलेल्या कामाचं बी श्रेय घेऊन राह्यले!"

"अरे, खरं सांगतोय मी," मी म्हणालो. माईक त्याच्याकडे होता. समोरची माणसं मान डोलावत होती, हसत होती. मग माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली. सुचित्रा टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. एवढ्या माणसांत माझं खरं तिला एकटीला पटलं होतं.

घरी जाताना ती नेहमीसारखी माझ्या मागे नव्हती, चार पावलं पुढे होती. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली ती थांबली.

"कोणी लावला मग?"

"तो मिस्त्री होता नं. वाहिद."

"आणि त्यानं त्या बाईंना तुमचं नाव काहून सांगतलं?"

"माझी लाज राखली त्यानं."

ती रडेल, नाहीतर मला टाकून बोलेल, असं मला वाटत होतं. मी त्याला तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो.

"माह्या शेजारी अर्धा तास बसला होता तो बाकावर," ती म्हणाली. "माह्या हातात रसाचा गिलास होता. मी त्याले घ्या म्हणून विचारलं बी नाही. ज्यानं मले जिवंत ठेवलं, त्याले मी साधं विचारलं नाही. तुमच्यापायी." तिचा आवाज फाटला. "तुम्ही भ्यायले, ते मी समजू शकते. मीही भ्याली असती. पण हे काहून केलं तुम्ही? तीन महिने गावभर चुकीच्या माणसाचं नाव घेत फिरली मी."

"चुकलं माझं."

"आणि आता लोकांसमोर जे बोलली, ते?" ती म्हणाली. "ते परत कसं घेऊ मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन दाराशी उभी होती. "उमरखेडले जाऊन राह्यली मी," ती म्हणाली. मी चपला घातल्या. तिने या म्हटलं नाही, नका येऊ असंही म्हटलं नाही.

मिस्त्रीचं घर कोणीही सांगितलं. बंद जिनिंगच्या गंजलेल्या फाटकामागे पत्र्याची तीन घरं, त्यातलं मधलं. वाहिदची आई सुग्राबी दारातच मिरच्या निवडत बसली होती. सत्तरीची असेल. सुचित्राने नाव सांगताच तिने सूप बाजूला सारलं.

"विमानवाले साहेब?" ती माझ्याकडे बघून उठली. घरात एकच खुर्ची होती. ती तिने पदराने पुसली. "बसा साहेब, बसा. वाहिदनं फोनवर सांगतलं मले. बायकोच्या तोंडाले हवा लावली म्हणे तुम्ही. मी म्हटलं, अल्ला असा शौहर सगळ्याइले देवो. नमाजमंधी नाव घेते मी तुमचं."

मी खुर्चीत बसलो. न बसून कसं चालणार होतं? सुचित्रा खाली सतरंजीवर बसली, सुग्राबीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"वाहिदभाईंशी बोलता येईल का आत्ता?" तिने विचारलं.

"आज जुम्मा हाय, सुट्टी असते त्याले. मिस कॉल देला की करते तो." सुग्राबीने कोनाड्यातला मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेऊन बटण दाबलं, तो ठेवून दिला आणि मिरच्यांचं सूप पुन्हा पुढ्यात घेतलं. पाचच मिनिटांत तो वाजला. आईने दोन शब्द बोलून फोन सुचित्राकडे दिला.

"वाहिदभाई, मी माहूरकरबाई. विमानातली." ती एकेक शब्द जपून बोलत होती. "तुम्ही मास्क लावला नं मले?... नाही, खरं सांगा... यांनीच सांगतलं मले... अहो, असं काय करता भाऊ?" ती ऐकत राहिली. मग तिने फोन माझ्यापुढे धरला.

"ते म्हणतात, साहेबांनीच लावला," ती म्हणाली. "मले आभार मानू नाही देऊन राह्यले. घ्या. आता तुम्हीच सांगा."

मी फोन घेतला. पलीकडे कुठेतरी वारा घोंघावत होता. "तब्येत बरी आहे नं साहेब?" वाहिदने विचारलं.

"वाहिदभाई, मास्क तुम्ही लावला," मी म्हणालो. "मी बघत बसलो होतो. मी खोटं बोललो, आणि तुमच्याही तोंडून खोटं बोलवलं."

तो अगदी हळू म्हणाला, "माय जवळ हाय का साहेब? हळू बोला. तिले नका सांगू."

पण दहा बाय दहाची ती खोली. सुग्राबीचा एका मिरचीचं देठ मोडणारा हात तसाच थांबला होता.

"वाहिद झूट बोला?" ती म्हणाली. "मेरे से?"

ती माझ्याकडे बघत होती, सुचित्राही बघत होती. सभागृहात शंभर माणसांसमोर बोललो होतो, त्यापेक्षा हे एक वाक्य जड होतं.

"माझ्यासाठी बोलला, माय," मी म्हणालो. "माझी अब्रू राहावी म्हणून. त्याचा काही दोष नाही."

"बचपन से कभी नै बोला वो," ती स्वतःशीच म्हणाली. "मार खाया, पर झूट नै बोला." तिने माझ्या हातातून फोन घेतला. कानाला लावला. मला वाटलं, आता ती त्याला विचारेल. ती म्हणाली, "रोटी खाया क्या, बेटा?"

त्याने काहीतरी विचारलं असावं. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "हौ. बैठे हैं अभी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन्ही बायका जमिनीवर आहेत आणि मी त्या घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसलो आहे. सुग्राबीने फोन सुचित्राच्या हातात ठेवला. "लो, बोलो तुम." सुचित्राने तो दोन्ही हातांनी धरला, "भाऊ" म्हणाली आणि पुढचं तिला बोलता येईना, ती नुसतीच रडत राहिली. सुग्राबी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी खुर्चीवरून उठून दाराशी जाऊन उभा राहिलो. बसा, असं कोणी म्हणालं नाही.